तो दगड नाही
मालवणात आमचं न्याहरी निवास आहे. चार खोल्या, मागे माड, पुढे समुद्राचा आवाज. पावसाळा सरला की पाहुण्यांची ये-जा सुरू होते ती मे अखेरपर्यंत. सिंधुदुर्ग किल्ला बघायचा आणि त्याच्याच आसपास स्नॉर्केलिंगला पाण्यात उतरायचं, हे ठरलेलंच. परत आल्यावर निम्म्याजणांची तक्रार असते, "काकू, प्रवाळ कुठे दिसलंच नाही, नुसते दगड होते." अंगठीतल्या लाल पोवळ्याचा रंग त्यांच्या डोळ्यांसमोर असतो. ते पोवळं वेगळ्या जातीचं. आमच्याकडचं प्रवाळ तपकिरी, करडं, हिरवट. कुठे धोंड्यासारखं गोल, कुठे तव्यासारखं पसरलेलं.

मीही चाळिशी उलटेपर्यंत ते पाहिलं नव्हतं. धाकटा दीर पर्यटकांची होडी चालवतो. एका एप्रिलमध्ये सुकतीच्या वेळी त्यानेच मला बळेबळे पाण्यात उतरवलं. मास्क लावून तोंड पाण्यात घातलं आणि त्या "दगडा"वर मधमाशांच्या पोळ्यासारखे बारीक खळगे दिसले. प्रत्येक खळग्यात एक जीव, दिवसा मिटलेला, रात्री हात बाहेर काढून खाणारा. मी बघतच राहिले. तेवढ्यात शेजारच्या होडीतला एक पाहुणा फोटोसाठी त्याच्यावर उभा राहिला. दीर ओरडला, "ओ पावण्यांनू, पाय काढा! दगड न्हय तो, जिवंत आसा!" पाहुणा दचकून बाजूला झाला. त्याला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. पण त्याची टाच घासली तिथे खडूसारखा पांढरा ओरखडा उमटला होता. अशी गोल प्रवाळं वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. टोपलीएवढी वसाहत म्हणजे वीस-पंचवीस वर्षांचं काम.

हे जीव एकटे जगत नाहीत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. प्रवाळाचा रंगही त्याचाच. उन्हाळ्यात एरवी पाणी जास्तीत जास्त जेवढं तापतं, त्याहून एखादा अंश सेल्सिअस जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. यालाच विरंजन म्हणतात. लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवलं तर सावरतं, नाहीतर उपाशी मरतं. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं मोठं विरंजन जाहीर केलं. त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडली. मालवणलाही विरंजन होऊन गेलं आहे.

मग कुणी म्हणतं, समुद्रच तापतोय तर एका पायाने काय होणार? मला नेमकं उलट वाटतं. तापातून उठलेल्या माणसाला आपण जपतो, त्याच्या अंगावर ओझं टाकत नाही. समुद्राचा ताप मालवणातून उतरणार नाही. पण ज्या प्रवाळाला त्यातून सावरायचंय, त्याच्यावर टाच, लोखंडी नांगर आणि फाटक्या नायलॉन जाळ्याचा तुकडा कोण टाकतं? आपणच.

नांगराचं जरा सविस्तर सांगते. 1987 साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर, त्यात किल्ल्याभोवतीचा 3.18 चौरस किलोमीटरचा गाभा. मच्छीमारांनी विरोध केला आणि मी त्यांना दोष देणार नाही. ज्यांचं पोट त्या पाण्यावर, त्यांना विश्वासात न घेता केलेला नियम ही पाण्यावरची रेघच ठरते. पण आता पर्यटनही त्याच पाण्यावर जगतं, आणि होडी थांबवायची तर नांगर टाकावा लागतो. प्रवाळाच्या जागांवर तो पूर्ण बंद व्हायला हवा. तिथे कायमचे बोये बांधावेत आणि होड्या त्यांना बांधाव्यात. खर्च पर्यटकाच्या तिकिटातून काढावा आणि देखभाल होडीवाल्यांच्याच हातात द्यावी. कुठल्या खडकाजवळ काय आहे, हे माझ्या दिरासारख्यांना तोंडपाठ असतं.

माझ्या हातात स्वयंपाकघर आहे. शेवंड आणि गोबरा खडकांच्या, प्रवाळांच्या आसऱ्याने राहतात. शेवंडीची मादी पोटाखाली नारिंगी अंड्यांचा घोस घेऊन फिरते. तशी शेवंड मी घेत नाही, कितीही स्वस्त मिळाली तरी. सुरुवातीला कोळणी माझ्यावर रागावल्या. आता तशी असली तर मला दाखवतही नाहीत.

पाहुण्यांना मी सकाळी घावण्यांबरोबरच सांगते: माशांना पाव घालू नका. शेवाळ खरवडून खाणारे मासे पावाला सोकावले तर प्रवाळावर शेवाळ माजतं. सनस्क्रीन थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. हवाई बेटांनी तर 2021 पासून प्रवाळाला घातक अशी दोन रसायनं असलेल्या सनस्क्रीनची विक्रीच बंद केली आहे. आणि तुकडा उचलून नेऊ नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत.

हे फक्त मालवणचं आहे असं मुंबईकरांनी समजू नये. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामावेळी, 2020 मध्ये, हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरून प्रवाळाच्या 18 वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. म्हणजे मुंबईच्या गढूळ पाण्यातही ती तगून होती. आणि डोंबिवलीच्या नाल्यात टाकलेली प्लास्टिकची पिशवीही खाडीतून त्याच समुद्रात येते.

येत्या हंगामात मालवणला याल, तेव्हा होडीत पाय ठेवण्याआधी होडीवाल्याला एवढंच विचारा: दादा, नांगर कुठे टाकणार? दहा पाहुण्यांनी विचारलं की अकराव्याच्या वेळी तो स्वतःहून वाळूवर टाकेल.