कागदाची वर्गणी

देवप्रबोधिनी एकादशी जवळ आली की आमच्या उज्जैनला कालिदासाचे वेध लागतात. गढकालिकेच्या देवळात पूजा होते, क्षिप्रेचे पाणी भरून कलशयात्रा निघते आणि पुढचा आठवडाभर कालिदास अकादमीच्या आवारात संस्कृत नाटके, व्याख्याने, चित्रांची प्रदर्शने यांची रेलचेल असते. १९५८ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते या समारोहाचे उद्घाटन झाले. त्यामागे पं. सूर्यनारायण व्यासांची कित्येक वर्षांची खटपट होती. सरकारी मदत मिळण्याच्या पुष्कळ आधीपासून ते चार माणसे जमवून कालिदासाचा उत्सव करीत असत. मेघाला वाट वाकडी करून उज्जयिनी पाहून जा म्हणणाऱ्या कवीचे ऋण या गावाने मनापासून फेडले आहे. दरवर्षी ती कलशयात्रा पाहताना माझा ऊर भरून येतो.

कालिदासाची काळजी घ्यायला अकादमी आहे, विद्यापीठ आहे, सरकार आहे. पण निवृत्तीनंतर वहीत कविता लिहिणाऱ्या शेजारच्या काकांची, ट्यूशन घेऊन रात्री लिहायला बसणाऱ्या मुलीची काळजी कोणी घ्यायची? मला वाटते, ती शेजाऱ्यांनीच घ्यायची. आणि ती कशी घ्यायची याचे धडे याच गावात आहेत.

इंदूरच्या बस जिथून सुटतात त्या नानाखेडा स्थानकापासून थोड्या अंतरावर आमची महिन्याची बैठक भरते. हिंदीवाले तिला गोष्ठी म्हणतात. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजी, पोह्यांवर रतलामी शेव, आणि मराठी, हिंदी, माळवी अशा तिन्ही बोलींत चाललेल्या गप्पा. वाचनाची पाळी वयाप्रमाणे येत नाही. जो पहिल्यांदा आला असेल त्याने आधी वाचायचे, असा आमचा रिवाज आहे. मागच्या बैठकीत टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी मराठी कविता वाचली. आवाज कापत होता. कोपऱ्यातून एक हिंदी कवी म्हणाले, "काकासाहेब, दूसरा बंद फिर से." काकांनी ते कडवे पुन्हा वाचले, आणि या वेळी आवाज स्थिर होता. कोणीतरी पुन्हा मागितले म्हणजे ते ऐकले गेले, एवढी खात्री त्यांना पुरली.

या बैठकीतले मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम मात्र वाचन संपल्यावर होते. एक वहिनी जाडजूड वही उघडून बसतात आणि त्या दिवशी वाचलेली प्रत्येक कविता कवीकडून मागून घेऊन स्वतःच्या हाताने उतरवतात. वर तारीख, खाली कवीचे नाव. एखादा शब्द लागला नाही तर कवीला विचारतात. "हे 'पाणी' की 'वाणी' हो?" मग कवीही आपल्या ओळीकडे नव्याने बघतो. ती वही त्यांच्या घरच्या कपाटात असते. कवी आजारी पडला तर बैठक त्याच्या घरी जाते, आणि तो नसला तरी त्याची कविता त्या वहीतून वाचली जाते.

वहीचे हे मोल मला उज्जैनच्या इतिहासाने शिकवले. शिंदेशाहीत इथे मराठी विद्वानांची वर्दळ होती. माधव महाविद्यालयात शिकवत असलेले मोरो केशव दामले हे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथाचे कर्ते. त्यांचे थोरले बंधू कृष्णाजी, म्हणजे आपले केशवसुत. आधुनिक मराठी कवितेचा हा प्रवर्तक १९०५ साली हुबळीला प्लेगने गेला. वय चाळीसही नव्हते, आणि नावावर एकही पुस्तक नव्हते. कविता होत्या त्या मासिकांत विखुरलेल्या. त्या गोळा करून पुस्तक निघाले ते मृत्यूनंतर काही वर्षांनी, हरिभाऊ आपट्यांच्या हातून. आपट्यांनी आधी आपल्या 'करमणूक'मध्ये त्यांना जागा दिली होती आणि मागाहून त्यांचा संग्रहही काढला. ते हात नसते तर आज आपण केशवसुतांना ओळखले असते का?

तसाच दुसरा कवी तर याच गावच्या मराठी घरातला. गजानन माधव मुक्तिबोध १९१७ मध्ये श्योपूरला जन्मले. वडील पोलीस खात्यात, बदल्यांची नोकरी, पण कुटुंबाचे बिऱ्हाड पुढे उज्जैनला स्थिरावले. थोरल्याने हिंदीत लिहिले. धाकटे शरच्चंद्र मराठीत लिहू लागले आणि १९४९ मध्ये त्यांचा 'नवी मळवाट' निघाला. एकाच घराने दोन भाषांना दोन मोठे कवी दिले. गजाननरावांनी इथे मास्तरकी केली, प्रगतिशील लेखकांचा संघ उभा केला. माधव महाविद्यालयात प्रभाकर माचवे शिकवत होते, तेही मराठी घरातले हिंदी कवी. अज्ञेयांनी १९४३ मध्ये संपादित केलेल्या 'तार सप्तक'च्या सात कवींत हे दोघेही आहेत.

त्या संग्रहाचा जन्म कसा झाला ते अज्ञेयांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. सातही कवींनी पुस्तकाचे भागीदार व्हायचे, वर्गणी काढून कागदाचे पैसे उभे करायचे, आणि छपाईसाठी असा छापखाना गाठायचा की जो विक्री होईपर्यंत थांबेल किंवा पैशांऐवजी प्रती घेईल, असे ठरले होते. हिंदी कवितेला वळण देणारे पुस्तक असे कागदाच्या वर्गणीच्या बेताने सुरू झाले. पदरमोड करून पुस्तक काढणाऱ्या आजच्या कवीला मी ही गोष्ट आवर्जून सांगतो. एकट्याने खर्च करणे आणि सातजणांनी मिळून करणे यात फार फरक आहे. सातजण असले की एकमेकांचे वाचणारे निदान सहाजण तरी हमखास असतात.

१९६४ च्या फेब्रुवारीत मुक्तिबोधांना पक्षाघात झाला. तेव्हा ते राजनांदगावला प्राध्यापक होते. त्यांना भोपाळला हलवले, मग दिल्लीला. हरिशंकर परसाई, शमशेर, नेमिचंद्र जैन, श्रीकांत वर्मा, अशोक वाजपेयी असे मित्र धावून आले. कोणी रुग्णालयात बसले, कोणी पैशांसाठी हिंडले, उपचारांसाठी त्यांनी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपर्यंत मजल मारली. ११ सप्टेंबरला मुक्तिबोध गेले. मित्रांनी कविता जुळवून सिद्ध केलेला त्यांचा पहिला संग्रह 'चाँद का मुँह टेढ़ा है' त्याच वर्षी बाहेर आला. पुस्तक कवीला पाहायला मिळाले नाही, ही खंत मला आजही छळते. पण ते आले, कारण रोगाशी झगडणाऱ्या माणसाबरोबरच त्याच्या कागदांकडेही लक्ष देणारे मित्र होते.

हे काम लहान गावांतही होते. जळगावच्या नारायण नरसिंह फडणीसांनी निव्वळ कवितेला वाहिलेले 'काव्यरत्नावली' मासिक १८८७ ते १९३५ चालवले. १९०७ मध्ये त्यांनी कवींचे संमेलन भरवले. तिथे पोरवयाच्या त्र्यंबक ठोंबऱ्यांनी कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्यांना 'बालकवी' म्हणून गौरवले. पण पदवीने पोट भरत नाही. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंनी या मुलाला आपल्या घरी पोटच्या मुलासारखे ठेवून घेतले. जळगावने नाव दिले, टिळकांच्या घराने माया दिली, आणि कवीला दोन्हींची गरज होती.

म्हणून शाल, श्रीफळ आणि मानपत्राला माझा विरोध नाही. नानाखेड्यातल्या काकांना शाल मिळाली तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. फक्त टाळ्यांनंतरचे कामही तितकेच आनंदाने व्हावे असे वाटते. स्थानिक कवीचे पुस्तक 'सप्रेम भेट' म्हणून घेऊ नका, पैसे देऊन घ्या. एक प्रत गावच्या वाचनालयात द्या, आणि ती नोंदवून घेतली ना हे बघा. बैठकीत नवख्याला आधी वाचू द्या, आणि आवडलेली ओळ पुन्हा मागा. गेलेल्या कवीच्या घरी तेराव्यानंतर एकदा जा आणि त्याच्या वह्यांची चौकशी करा, कारण घर आवरताना रद्दीत जाणारी पहिली गोष्ट तीच असते. आणि बैठकीत एक वही ठेवा. ती लिहायला आपल्यात कोणीतरी बसायला हवे. या महिन्यात वहिनींचा हात दुखतो आहे, तेव्हा ते काम मी मागून घेतले आहे. येत्या एकादशीच्या आठवड्यात समारोहाला जरूर या, आणि नंतर नानाखेड्यालाही या. आपली कविता आणा, किंवा दुसऱ्याची उतरवून घ्यायला पेन आणा.