कळ पायात उतरली, तर कारण शोधा

बैल जरासा लंगडला तर आपण त्याच दिवशी खूर उचलून पाहतो. खिळा रुतला का, नाल निसटली का, खूर सडला का, सगळे तपासतो. पण स्वतःची कंबर धरली, कळ कुल्ल्यातून मांडीत आणि पोटरीत उतरली, तर मात्र ‘शीर दबली’ म्हणायचे, तेल चोळायचे आणि महिना महिना अंगावर काढायचे. हे बरोबर नाही.

शीर दबली हे खरेच. पण ती कशाने दबली, ते पाहायला नको का? कंबरेतून निघून पावलापर्यंत जाणारी ही नस शरीरातली सर्वांत जाड नस. आयुर्वेदात या दुखण्याला गृध्रसी म्हणतात, डॉक्टर सायटिका म्हणतात. हे रोगाचे नाव नव्हे, लक्षणाचे नाव आहे. कारणे वेगवेगळी असतात.

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे दोन मणक्यांमधली गादी सरकणे. गादी सरकून नस दाबते, हे १९३४ साली मिक्स्टर आणि बार या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिले. वाकून, कंबर पिळून वजन उचलले की गादीवर ताण येतो. आपल्या वणी-दिंडोरी भागात द्राक्षबागेतली फवारणी, टोमॅटोचे क्रेट, खळ्यावरची कांद्याची गोणी, सगळे ओझे कंबरेवरच! सोळा लिटरचा पंप भरला की नुसते पाणीच सोळा किलो. त्यात ट्रॅक्टरचे हादरे आणि बिडीचे व्यसन, दोन्ही मणक्याला वाईट.

म्हाताऱ्या माणसाचे कारण बहुधा निराळे. वयाने मणक्यातली वाट अरुंद होते. थोडे चालले की पाय भरून येतात, बसले किंवा पुढे वाकले की बरे वाटते. असा माणूस सप्तशृंगी गड पुढे वाकून चढतो, पण उतरताना बेजार होतो. काहींचा मणकाच पुढे सरकलेला असतो. आणि संध्याकाळी ताप, घटणारे वजन, रात्री वाढणारे दुखणे अशी साथ असेल, तर मणक्याचा क्षय किंवा गाठही असू शकते. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मग उशीर कशाला?

गादीचे दुखणे बहुतेकांना दीड ते तीन महिन्यांत, शस्त्रक्रियेविना बरे होते. त्यासाठी खाटेवर पडून राहू नका. झेपेल तेवढे चाला, ओझे टाळा. मणका ‘बसवून’ देणाऱ्याच्या हाती पाठ देऊ नका. कसली ते न सांगता दिलेली पुडी घेऊ नका.

मात्र लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, किंवा दोन्ही पायांतले बळ गेले, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या. उशीर झाला तर पाय आणि लघवी कायमची जाऊ शकते. नुसते पाऊल उचलेनासे झाले, तरी लगेच दाखवा.

आता सरपंच, ग्रामसेवक आणि बाजार समितीच्या मंडळींना दोन शब्द. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच शिफारस केली, की प्रौढ पुरुषाने हाताने वाहायचे ओझे ५५ किलोच्या वर नसावे. म्हणजे पन्नास किलोची गोणी ही शेवटचीच पायरी समजा. ती जमिनीवरून उचलावी लागू नये म्हणून कंबरेइतका ओटा बांधायला फार खर्च येत नाही. जड मालासाठी हातगाडी ठेवा. ग्रामसभेत रस्ता आणि पाणी निघते, तसा मणक्याचाही विषय निघू द्या.

शेत वर्षभर पडीक राहिले तर पुढच्या हंगामात पिकते. कर्त्या माणसाचा पाय पडला, तर घर बसते.