लस, इजा आणि दिवाणी दावा

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकोवाल गांवीं १०७ जणांस प्लेगची लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं एकाच बाटलींतून टोंचलेले १९ जण धनुर्वातानें दगावले. लस परळच्या प्रयोगशाळेंतील, म्हणून दोष डॉ. हाफकीन यांच्या माथीं आला. बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता व तो कार्बोलिकमध्यें नुसता बुडवून वापरला गेला, ही गोष्ट उघडकीस आली. तरी त्यांच्यावरील डाग पुसला जाण्यास १९०७ साल उजाडावें लागलें. ज्या वादाचा उलगडा करण्यास सरकारास व शास्त्रज्ञांस पांच वर्षें लागलीं, तसला वाद मृताच्या वारसानें एकट्यानें दिवाणी कोर्टांत सिद्ध करावा, असें कोणी म्हटलें तर त्यास न्याय म्हणावें काय?

परंतु हेंच उत्तर आपल्याकडे मिळालें. कोविडची लस घेतल्यावर मरण पावलेल्या दोन तरुण मुलींच्या आईबापांनीं सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली, तेव्हां नोव्हेंबर २०२२ मध्यें केंद्र सरकारनें कळविलें कीं, लस ऐच्छिक होती. सरकार जबाबदार नाहीं. भरपाई पाहिजे तर दिवाणी दावा लावावा. ऐच्छिक! २०२१ सालीं लोकलच्या पासासाठीं दोन डोसांचा दाखला दाखवावा लागे, हें मुंबईकर विसरले नसतील. तो हुकूम राज्य सरकारचा, हें खरें. पण टोंचून घेणाऱ्यास सरकार एकच दिसतें.

लस घेणें हें आम्ही नागरिकाचें कर्तव्य समजतों, आणि म्हणूनच हें लिहितों. देवीचा रोग पृथ्वीवरून गेला तो लसीमुळेंच. शेजाऱ्याचें मूलहि वांचावें म्हणून दंड पुढें करणाऱ्या लाखोंपैकीं एखाद्यास इजा झाली, तर तो भार सर्वांनीं वांटून घ्यावयास पाहिजे. ब्रिटननें १९७९ सालीं तसा कायदा केला. मात्र साठ टक्के अपंगत्व नसल्यास छदामहि नाहीं, ही त्यांतील कृपणता आपण उचलूं नये. अमेरिकेनें १९८६ च्या कायद्यानें भरपाईची योजना केली व तिच्या निधीसाठीं डोसांतील दर रोगामागें ७५ सेंट कर बसविला. तेथें अर्जदारास कोणाची हयगय सिद्ध करावी लागत नाहीं.

खोट्या दाव्यांचा पूर येईल, असा आक्षेप निघेल. काकतालीय न्यायानें लसीनंतरचें प्रत्येक दुखणें लसीचें ठरत नाहीं, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु अमेरिकेंतील त्याच न्यायालयानें २००९ मध्यें ऑटिझमचे नमुन्यादाखल चालविलेले दावे पुरावा तपासून फेटाळले. फिर्यादीचें म्हणणें ऐकून घेऊन दिलेला नकार लोकांस पटतो. न ऐकतां दिलेल्या नकारावर अफवा पोसतात.

तेव्हां संसदेनें केवळ कोविडपुरता नव्हे, तर बालकांच्या नेहमींच्या लसींसहि लागू होईल असा कायदा करावा. निर्णय न्यायाधीश व वैद्य यांच्या मंडळाकडे असावा, त्यास मुदत असावी, आणि तपासाचे कागद अर्जदारास विनामूल्य मिळावे.