बीडपर्यंत रूळ आले, न्याय कधी येणार?

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडच्या स्थानकातून पहिली प्रवासी गाडी अहिल्यानगरकडे सुटली. निजामाच्या राजवटीतून मराठवाडा मुक्त झाल्यानंतर तब्बल ७७ वर्षांनी या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाला रेल्वे लाभली. बीडकरांच्या आनंदात आम्हीही सहभागी आहोत. परंतु हा दिवस उजाडायला इतकी वर्षे का लागली, हे विचारल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येणार नाही.

या देशात रेल्वे जनतेच्या सोयीसाठी आली नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, त्यानंतर रूळ पसरले ते कापूस बंदरापर्यंत नेण्यासाठी आणि फौजा हलविण्यासाठी. निजामाच्या राज्यातही तेच घडले. हैदराबादहून मनमाडला जाणारी मीटरगेज लाईन गोदावरीच्या खोऱ्यातून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद अशी गेली. बीड बाजूलाच राहिले. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला परळीत रूळ होते, औष्णिक वीज केंद्राचा कोळसाही तेथे रेल्वेने येत राहिला. पण बीडच्या माणसाला रेल्वेत बसायचे तर आधी एस.टी. पकडून जिल्ह्याबाहेर किंवा परळी गाठावी लागे.

अहमदनगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली १९९५ च्या सुमारास. नामांतराचा लढा १४ जानेवारी १९९४ रोजी संपला, त्याच काळातली ही गोष्ट. खर्च तेव्हा साडेतीनशे कोटींच्या घरात होता. पुढे तो ४८०० कोटींवर गेला. निम्मा भार राज्याने उचलण्याचे ठरले, तेव्हा कुठे कामाला गती आली. २३ सप्टेंबर २०२२ रोजी गाडी आष्टीपर्यंत, म्हणजे ६६ किलोमीटर धावली. बीड गाठायला आणखी तीन वर्षे गेली आणि परळीपर्यंतचा टप्पा बाकी असतानाच उद्घाटन उरकण्यात आले.

आता याच्या शेजारी कोकण रेल्वे ठेवून पाहा. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले, रोखे काढून पैसा उभा केला गेला आणि सह्याद्रीच्या कुशीतून, बोगदे खोदत, नद्या ओलांडत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण झाला. आठ वर्षांत ७४० किलोमीटर आणि तीस वर्षांत १६८ किलोमीटर! कोकणच्या माणसाबद्दल आमच्या मनात यत्किंचितही असूया नाही. त्यालाही रेल्वेसाठी पिढ्यानपिढ्या वाट पाहावी लागली. आमचा सवाल राज्यकर्त्यांना आहे. डोंगर फोडता येतो, मग माळरान का ओलांडता येत नाही? कारण बीडच्या वाट्याला दरवर्षी अर्थसंकल्पातला चिमूटभर निधी येई आणि भाव मात्र त्याच्या पुढे धावत.

यामागे एक हिशेब आहे. नव्या मार्गातून किती परतावा मिळेल, हे आधी पाहिले जाते. ज्या जिल्ह्यात कारखानदारी नाही, तेथे मालवाहतूक नाही. मालवाहतूक नाही म्हणून रेल्वे नाही, आणि रेल्वे नाही म्हणून कारखानदारी येत नाही. मागासाला मागास ठेवणारे हे चक्र आम्हाला नवे नाही. शिकलेला नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून शिक्षण नाही, हेच आमच्या बापजाद्यांना ऐकवले गेले. ते चक्र आपोआप थांबले नाही. घटनेने विशेष संधी दिली तेव्हा ते थांबू लागले. प्रदेशांनाही हाच न्याय लावावा लागेल.

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर उचल घेऊन, ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, बौद्ध आणि मातंग आहेत. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे माणसे म्हणत नाहीत, 'एक कोयता' म्हणतात. त्यांच्या पोरांची शाळा ऐन सत्रात सुटते. या कुटुंबांच्या आयुष्यात रेल्वेने काय बदलणार? मुकादमाला मजूर न्यायला आणखी एक वाहन मिळणार असेल, तर तो विकास आम्हाला नको. रेल्वेमुळे गावाजवळ काम निर्माण झाले आणि आष्टीची, बीडची मुलगी पासावर महाविद्यालयात जाऊन संध्याकाळी घरी परतली, तरच ही गाडी आमची.

दुसरा प्रश्न या मार्गावर राबणार कोण, हा आहे. निजामाची लाईन जेथे मिळत होती त्याच मनमाडला १९३८ च्या फेब्रुवारीत जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी तेथेच सांगितले. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून भरती होतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. स्टेशन मास्तरच्या घरी पोर्टरला घरकाम करावे लागते, म्हणून अस्पृश्याला साधा पोर्टरही होता येत नाही, हे त्यांनी उघड्यावर आणले. आज भरतीत आरक्षण आहे. पण साफसफाईसारखी कामे कंत्राटदाराकडे गेली की आरक्षण संपते, झाडू मात्र त्याच हातात राहतो.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. परळीपर्यंतचे काम तारीख जाहीर करून पूर्ण करा. गाड्यांच्या वेळा विद्यार्थी आणि मजूर यांना सोयीच्या ठेवा. स्थानकांवरची कामे कायमस्वरूपी भरतीने आणि आरक्षणाने भरा. भूसंपादनाचा मोबदला सातबारा पाहून मिळतो. त्याच शेतावर राबणाऱ्या भूमिहीनाच्या रोजगाराचाही विचार करा.

आणि आमच्या तरुणांनाही सांगणे आहे. स्थानकावर पुढाऱ्यांना हार घालण्यात दिवस घालवू नका. रेल्वे भरतीची जाहिरात वाचा, अर्ज भरा, अभ्यासाला बसा. तीस वर्षांनी आलेल्या या गाडीत आमची माणसे इंजिन चालवताना आणि स्टेशन मास्तरच्या खुर्चीवर दिसली पाहिजेत. गँगमनच्या पोराने तेथपर्यंत पोहोचणे, हेच मनमाडच्या परिषदेला खरे उत्तर ठरेल.