कुलूप ग्राहकाकडे, किल्ली कंपनीकडे

१९६९ साली 'आयबीएम'ने यंत्र आणि आज्ञावली यांची किंमत वेगवेगळी आकारण्याचे जाहीर केले आणि आज्ञावली हा स्वतंत्र विक्रीचा माल ठरू लागला. माल म्हटला की चोरी आली, चोरी म्हटली की कुलूप आले. १९७६ साली बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना खुले पत्र लिहून फुकट प्रती काढणाऱ्यांना खडसावले, त्यात तथ्य होतेच.

प्रारंभीची कुलपे मात्र भाबडी होती. 'विंडोज ९५'च्या दहा आकडी क्रमांकाची मुख्य कसोटी एवढीच, की शेवटच्या सात आकड्यांची बेरीज सातने निःशेष भागली जावी. चौथीच्या विद्यार्थ्याला सुटावे असे हे गणित! शिवाय एकच क्रमांक शंभर यंत्रांवर चाले. २००१ साली 'विंडोज एक्सपी'बरोबर मायक्रोसॉफ्टने हा भाबडेपणा टाकून दिला. आता क्रमांकाची सांगड त्या विशिष्ट यंत्राच्या भागांशी घातली गेली. ज्याच्याकडे इंटरनेट नसे, त्याने पडद्यावरचे पन्नास आकडे दूरध्वनीवरून कळवावयाचे आणि पलीकडून आलेले बेचाळीस आकडे टंकावयाचे. पुढे या जोडणीविना चालणाऱ्या पद्धतीत डिजिटल सही आली. कंपनी आपल्या गुप्त किल्लीने सही केलेला परवाना पाठविते. ग्राहकाच्या आज्ञावलीत असलेल्या दुसऱ्या किल्लीने ती सही पडताळता येते, पण नवी करता येत नाही. गणित चोख आहे. व्यवहार तितका चोख आहे, असे म्हणवत नाही.

कारण मिळालेला परवाना त्या एका यंत्रापुरता असतो. यंत्र बदलले की ग्राहकाने पुन्हा कंपनीचे दार ठोठवावयाचे. आणि ते दारच बंद झाले असेल तर? ॲडोबीने 'क्रिएटिव्ह सूट २'चे परवाने तपासणारे सर्व्हर बंद केले, तेव्हा २०१३च्या आरंभी तपासणीची गरज नसलेली आवृत्ती उपलब्ध करून दिली. हे योग्यच झाले. पण झाले ते कंपनीने मनावर घेतले म्हणून. प्रत्येक कंपनी मनावर घेईलच, याची हमी कोण देणार?

अशी अखेरची किल्ली विक्रीच्या वेळीच त्रयस्थाकडे ठेवण्याचे बंधन कायद्याने घालता येईल. ही कल्पना काही अद्भुत नव्हे. बँका आणि मोठे उद्योग आज्ञावलीचा मूळ मजकूर त्रयस्थाकडे ठेवण्याचे करार करीतच असतात. एकच प्रत विकत घेणाऱ्या शिक्षकापुढे मात्र छापील अटींखालची 'मान्य' ही खूण तेवढी असते.