पवित्र पेशाला रजा कशाला?

मी म्हटले होते तसेच झाले, आणि खूश होण्याऐवजी डोके तापले आहे. कर्नाटक सरकारने मासिक पाळीच्या रजेचा आदेश काढला तेव्हा पेढे वाटण्याआधी त्यातली यादी वाचा, असे या सदरात लिहिले होते. त्यावर काही शिक्षिकांनी, तुम्हाला प्रत्येक चांगल्या गोष्टीत खुसपट काढायची खोड आहे, असे सुनावले. या आठवड्यात बेंगळुरूतल्या एका खासगी शाळेने शिक्षिकांच्या हाती परिपत्रक ठेवले: सदर आदेश आम्हाला लागू नाही, रजेबाबत करारपत्रातल्या अटीच चालतील. शाळेचे नाव लिहीत नाही. एकट्या तिचे लिहिले तर बाकीच्यांवर अन्याय होईल.

परिपत्रक संतापजनक आहे, पण खोटे नाही. २० नोव्हेंबर २०२५ चा आदेश १८ ते ५२ वयाच्या नोकरदार महिलांना महिन्याला एक दिवस भरपगारी रजा देतो, डॉक्टरचा दाखला न मागता. पण कोणत्या नोकरदार महिलांना? पाच कायद्यांखाली येणाऱ्या आस्थापनांमधल्या: कारखाने, दुकाने व व्यापारी आस्थापना, मळे, विडी-सिगार आणि मोटार वाहतूक. यात शाळा शोधून दाखवा. शाळा हा कारखाना नाही, मळा नाही, दुकानही नाही. (शेवटच्याबद्दल फीची पावती हातात असलेल्या पालकांचे मत वेगळे असू शकेल, पण बिहारच्या दुकाने कायद्यासंबंधीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शाळेला ‘आस्थापना’ मानायला नकार दिला होता.) सरकारी शाळेतल्या बाई सरकारी कर्मचारी म्हणून तरल्या. खासगी शाळेतल्या बाईंचे काय, हे कोणाला सुचलेच नाही.

आता आऊटर रिंग रोडवर सकाळी साडेसहाला निघणारी शाळेची पिवळी बस डोळ्यांपुढे आणा. दारापाशी अक्का उभी असते. मुलांना हाताला धरून चढवायचे, दप्तरे रॅकवर टाकायची, ओकारी आली तर पिशवी पुढे करायची, हे तिचे काम. दुसऱ्या सीटवर बस ड्यूटी लागलेल्या मिस बसलेल्या असतात, मोबाइलच्या ॲपवर हजेरीच्या खुणा करत, मांडीवर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन. बस ठेकेदाराची आहे आणि त्याच्याकडे पाच-सातशे नाही, नुसते पाच कामगार असले तरी १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा त्याला लागू होत असे, नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या संहितेने त्याची जागा घेईपर्यंत. त्या कायद्यात लिहिले होते की वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. आणि पाळीच्या रजेचा आदेशही याच कायद्याचे बोट धरून अक्कापर्यंत पोहोचला आहे. दुसऱ्या सीटवरच्या मिसपर्यंत तो पोहोचत नाही. बस तीच, सिल्क बोर्ड चौकातला ट्रॅफिक तोच, पोटातली कळही तीच.

ठेकेदार अक्काला ती रजा प्रत्यक्षात देतो का? बहुतेक वेळा नसेलच देत. पण उद्या कोणी संघटनावाला उभा राहिला तर तिच्याकडे दाखवायला कायद्याचा कागद आहे. मिसकडे स्वतः सही केलेला करार आहे, आणि त्याची प्रत शाळेच्या कपाटात.

हे असे का झाले, याची गोष्ट आपल्याच दोन गावांतून जाते. १९७८ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने ‘उद्योग’ या शब्दाचे दार सताड उघडले. न्या. कृष्ण अय्यर यांच्या त्या निकालाने शिक्षणसंस्थाही उद्योगात आल्या. शिक्षकांना वाटले, चला, आपण सुटलो. दहा वर्षांनी गोव्यातल्या करंझाळे इथल्या शाळेच्या शिक्षिका ए. सुंदरम्बाल यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. १९७५ मध्ये त्यांना नोकरीवरून काढले होते. न्या. व्यंकटरामय्या, म्हणजे आपल्या कर्नाटकचेच, यांनी निकाल दिला: शाळा हा उद्योग खराच, पण शिक्षक ‘कामगार’ नव्हे. कारण शिकवणे हे अंगमेहनतीचे नाही, कारकुनीचे नाही, तांत्रिक नाही; ते एक व्रत आहे, उदात्त पेशा आहे. म्हणजे त्या उद्योगातला शिपाई कामगार, कारकून कामगार, माळी कामगार, आणि ज्या कामासाठी तो उद्योग चालतो ते काम करणारी बाई तेवढी देवघरात नेऊन बसवली. ‘उद्योग’ आणि ‘कामगार’ यांची व्याख्या करणाऱ्या जुन्या कायद्याच्या जागी आता संहिता आली, पण व्याख्येतली कामांची यादी जवळपास जुनीच आहे.

देवघरात बसवलेल्याला नैवेद्य दाखवतात, पगारी रजा देत नाहीत. १९२१ साली डॉ. राधाकृष्णन म्हैसूर सोडून कलकत्त्याला निघाले तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांची गाडी स्वतः ओढून स्टेशनावर नेली. ही गोष्ट आपल्याकडे ५ सप्टेंबरच्या भाषणात हमखास येते, आणि सांगणारे बहुधा संस्थाचालक असतात. गाडी ओढायला सगळे तयार आहेत. रजेचा अर्ज पुढे आला की मात्र ‘बदली शिक्षक कोण बघणार?’

एका वाचक शिक्षिकेने मला आपल्या कराराचे फोटो पाठवले. ऑफिसात घाईघाईने काढलेले. एकात अर्ध्या कलमावर तिचा अंगठा आला आहे. जे वाचता येते ते असे. वर्षाला दहा किरकोळ रजा, पण महिन्याला एकच. शुक्रवारी आणि सोमवारी रजा पडली तर मधले दोन दिवसही रजेतच. त्याला सगळे ‘सँडविच’ म्हणतात. पालकसभा किंवा स्नेहसंमेलनाच्या दिवशी गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापणार. आजारपणाची वेगळी रजा नाही. सुट्टीतला पगार मिळेल, मात्र शाळा उघडल्यावर पुन्हा रुजू झालात तरच. आणि या सगळ्याच्या डोक्यावर पहिलेच वाक्य: आपण सारे एक कुटुंब आहोत. माझा जुना सिद्धांत वाचकांना पाठ असेल: माहितीपुस्तिकेचा कागद जितका गुळगुळीत, तितके रजेचे कलम आखूड. याला पुरावा नाही. पण अपवादही अजून कोणी पाठवलेला नाही.

‘अहो, पण शिक्षकांना उन्हाळ्याची सुट्टी असते की!’ हे वाक्य म्हणणारा एक मेहुणा प्रत्येक घरात असतो. सुट्टी शाळेच्या सोयीने येते, टायफॉइड त्याच्या सोयीने. आणि ती सुट्टीही शिक्षकाची असतेच असे नाही. २०२५ च्या दसऱ्यात सरकारी शिक्षक सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणाचे फॉर्म भरत दारोदार हिंडत होते. काम उरकेना म्हणून सरकारने शाळांची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवली. मुले घरी, मास्तर रस्त्यावर.

नवऱ्याच्या आयटीतल्या बदलीमुळे सोलापूर-कोल्हापूरहून इथे आलेल्या शिक्षिकांना हा फरक जास्त टोचतो. महाराष्ट्रात खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. रजेचे नियम त्या नियमावलीतच आहेत आणि विनाअनुदानित मान्यताप्राप्त शाळाही त्यातून सुटत नाहीत. पाळतात किती, हे विचारू नका. पण भांडायला नियम तरी आहे. कर्नाटकचा १९८३ चा शिक्षण कायदा अमलात यायला १९९५ उजाडले, आणि सीबीएसई, आयसीएसईच्या शाळा त्याच्या बहुतेक कलमांबाहेर राहिल्या. बेंगळुरूत नव्याने आलेल्या बाईंना नोकरी मिळते ती बहुधा याच शाळांत.

हे बदलता येत नाही असे मात्र कोणी सांगू नये. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रॅच्युइटीच्या बाबतीतही शिक्षक बसत नाहीत असे म्हटले होते. संसदेने २००९ मध्ये व्याख्या दुरुस्त केली, तीही ३ एप्रिल १९९७ पासून लागू करून. खासगी शाळा भांडत राहिल्या आणि २०२२ मध्ये हरल्या. इथे तर पाच कायद्यांच्या यादीत एक ओळ वाढवायची आहे. सव्वीस आठवड्यांच्या प्रसूती रजेला करारातली कुठलीही अट आडवी येऊ शकत नाही, तसे बाकीच्या रजांचे करायला कामगार खात्याला कोणी अडवलेले नाही.

तोवर शिक्षकांना एकच सांगणे. येत्या महिन्यांत नव्या वर्षाचे करार समोर येतील. रजेच्या कलमात आजारपणाची रजा वेगळी लिहून घ्या, सुट्टीच्या पगाराची तारीख लिहून घ्या, आणि सही केलेली प्रत हातात पडल्याशिवाय ऑफिसातून उठू नका.