नफा अदृश्य, जोखीम मात्र खातेदाराच्या माथी

एकाने आपल्याजवळचे कूटचलन विकावे, दुसऱ्याने ते घेऊन त्याचे रुपये विकणाऱ्याच्या बँक खात्यात भरावेत किंवा सरळ रोखीने हातात ठेवावेत, अशा व्यवहाराला सध्या ‘पी-टू-पी’ हे सुटसुटीत नाव मिळाले आहे. माणसाने माणसाशी केलेला थेट व्यवहार, असा त्याचा अर्थ. त्यात दलाल नाही, सराफ नाही, परवानगी मागावी लागत नाही, असे त्याचे गुणगान केले जाते. नोकरीची वाट पाहून थकलेला सुशिक्षित तरुण ‘दोन पैसे सुटतात’ म्हणून ह्या धंद्यात उतरतो. तेव्हा हा विषय संगणकतज्ज्ञांचा आहे असे म्हणून तो बाजूला सारता येणार नाही. ह्या व्यवहारात नफा कोणाला होतो आणि बुडते ते कोणाचे, हा निखळ अर्थकारणाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

ह्या कल्पनेचा उगम एका न्याय्य संतापात आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सातोशी नाकामोतो ह्या टोपणनावाने बिटकॉइनची मूळ मांडणी प्रसिद्ध झाली ती ऑक्टोबर २००८ मध्ये. अमेरिकेतील बड्या बँका त्या वेळी कोसळत होत्या आणि सरकारे लोकांच्या पैशातून त्यांना सावरीत होती. नफा खासगी आणि तोटा सार्वजनिक, हे त्या वेळचे उघडे सत्य होते. जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइनच्या नोंदवहीतील पहिली नोंद झाली, तीत बँकांना दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या मदतीविषयीचा लंडनच्या ‘टाइम्स’चा मथळा मुद्दाम कोरला गेला. बँकांवर विश्वास उरला नाही म्हणून बँकेशिवाय पैसा, असा हा विचार होता. निदान चुकीचे नव्हते. परंतु बेजबाबदार बँकेवरचा उपाय म्हणजे जबाबदार बँक, की मुळात जबाबदारीच कोणावर नसणे? ह्या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांच्या अनुभवाने दिले आहे.

भारतात हा थेट व्यवहार फोफावला तो स्वातंत्र्याच्या ओढीने नव्हे, तर सरकारी धोरणाच्या धरसोडीने. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना कूटचलनाच्या व्यवहारांशी संबंध ठेवण्यास मनाई केली. व्यवहार बेकायदा ठरविला नाही, केवळ बँकेचा दरवाजा बंद केला. परिणाम व्हायचा तोच झाला. संगणकीय बाजारपेठांनी खरेदीदार व विक्रेता यांची गाठ घालून देण्यापुरतेच काम आपल्याकडे ठेवले, आणि रुपयांची देवघेव त्या दोघांच्या वैयक्तिक खात्यांवर ढकलली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्दबातल केले, परंतु एकदा पडलेली वाट बुजली नाही. नायजेरियात हेच घडले. तेथील मध्यवर्ती बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये बँकांना अशीच मनाई केली, व्यवहार माणसामाणसांत सुरू राहिला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती मनाई मागे घ्यावी लागली. अर्धवट बंदीने व्यवहार थांबत नाही, तो फक्त अंधारात जातो. ही गोष्ट दारूबंदीच्या इतिहासावरूनही शिकता आली असती.

त्यानंतर आला कर. २०२२ च्या अर्थसंकल्पाने कूटचलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर बसविला, एका व्यवहारातील तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करण्यास मनाई केली, आणि १ जुलै २०२२ पासून ठराविक मर्यादेपलीकडील प्रत्येक विक्रीच्या रकमेवर एक टक्का कर मुळातच कापण्याची सक्ती केली. थेट व्यवहारात ही कपात खुद्द खरेदीदाराने करायची असते. समजा, एखाद्याने नव्वद रुपयांना घेतलेला टेथर साडेनव्वद रुपयांना विकला. त्याचा नफा शेकडा अर्ध्या रुपयाच्या आसपास, आणि कापला जाणारा कर जवळजवळ त्याच्या दुप्पट. हा कर पुढे विवरणपत्रात वळता होतो हे खरे, पण तोवर तुटपुंजे भांडवल अडकून पडते. अशा हिशेबात लहान व्यापाऱ्याने व्यवहार नोंदवहीबाहेर रोखीने करावा, ह्यात आश्चर्य ते कोणते? रोखीत मात्र खोट्या नोटांची भीती आहे, अनोळखी ठिकाणी लुटले जाण्याची भीती आहे, आणि दोन लाख वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने २०१७ पासूनच बंदी घातलेली आहे. म्हणजे बँकेतून व्यवहार करावा तर करात भांडवल अडकते, आणि रोखीने करावा तर कायदा मोडतो.

परंतु ह्या धंद्यातील खरी आपत्ती करातून येत नाही, ती येते दुसऱ्याच्या अश्रूंतून. व्यवहाराची रीत अशी की, विक्रेत्याचे टेथर बाजारपेठ अडकवून ठेवते, खरेदीदार रुपये भरतो, रक्कम जमा झाल्याची खात्री पटली की विक्रेता संमती देतो आणि टेथर मोकळे होतात. विक्रेत्याला वाटते, पैसा खात्यात आला, सौदा पुरा झाला. पण तो पैसा कोणाचा? ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असे सांगून एखाद्या निवृत्त शिक्षिकेची आयुष्यभराची पुंजी लुबाडली जाते. ती रक्कम भरायला तिला जे खाते सांगितले जाते, ते नेमके ह्या टेथर विकणाऱ्याचे असते, किंवा रक्कम दोन-तीन खात्यांतून फिरून तेथे येते. ठक टेथर घेऊन क्षणार्धात सीमेपार होतो. शिक्षिका १९३० ह्या क्रमांकावर तक्रार करते. पोलीस पैशाचा माग काढतात, आणि तो माग ज्याचे नाव, पत्ता आणि आधार क्रमांक बँकेत नोंदलेला आहे अशा एकमेव माणसापाशी येऊन थांबतो. त्याचे खाते गोठते.

दोन्ही बाजूंना येथे सामान्य माणूसच उभा आहे, हे ध्यानात घ्यावे. एकीची पुंजी गेली, दुसऱ्याचे खाते गेले. वादातील रक्कम पंधरा हजारांची असली तरी अनेकदा संपूर्ण खाते बंद होते. त्याच खात्यात वडिलांच्या सोयाबीनचे पैसे असतात, बहिणीच्या शिक्षणाची रक्कम असते. तक्रार तेलंगणात, पोलीस ठाणे तेथले, आणि खातेदार यवतमाळचा. जप्तीचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मध्ये होता, तो १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आला. तपासासाठी असा अधिकार असणे आवश्यकच आहे, नाहीतर त्या शिक्षिकेला वाली कोण? परंतु अधिकार वापरताना प्रमाणाचे भान हवे. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली अशाच खातेदारांच्या अर्जांवर निर्णय देताना गोठवणूक पोलिसांनी नमूद केलेल्या रकमेपुरतीच मर्यादित ठेवण्यास बँकांना सांगितले. जे न्यायालयात गेल्यावर मिळते, ते न्यायालयात जाण्याची ऐपत नसणाऱ्यालाही मिळाले पाहिजे.

ह्या साखळीची टोके आणखी विदारक आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजाप्रमाणे, म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसे अशा फसवणुकीच्या केंद्रांत जबरदस्तीने राबविली जात असावीत. नोकरीच्या आमिषाने नेलेली ही माणसे. आणि आपल्याकडच्या टोकाला आहेत ती भाड्याची खाती. काही हजार रुपयांच्या मोबदल्यात विद्यार्थी, रिक्षाचालक, शेतमजूर आपले पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हवाली करतात. एका टोकाला वेठबिगार, दुसऱ्या टोकाला बेकार, आणि मधला नफा ज्याचा पत्ता लागत नाही अशाच्या खिशात, अशी ही रचना आहे. मालक-मजूर संबंधाची जुनी ओळख असणाऱ्यांना तिचे स्वरूप ओळखायला वेळ लागू नये.

काही जण ह्या व्यवहाराची तुलना आपल्या जुन्या हुंडीशी करतात. ही तुलना वरवरची आहे. हुंडीमागे पेढी होती, पेढीमागे नाव होते, आणि नाव गेले की धंदा गेला. आंगडियादेखील ओळखीच्या जाळ्यावरच चालतो. येथे दोन्ही बाजूंना टोपणनावे आहेत आणि विश्वासाच्या जागी सांकेतिक संख्या. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठाने सुनावणीच्या ओघात अनियंत्रित बिटकॉइन-व्यापाराची तुलना हवाल्याशी केली आणि स्पष्ट कायदा नसल्याबद्दल नापसंती दर्शविली. हवाल्याचे समर्थन कोणी करणार नाही. पण हवाल्यात निदान ‘माझा माणूस’ असतो. ह्या नव्या हवाल्यात तोही नाही.

मग स्वातंत्र्याचे काय? ह्या थेट व्यवहारात सर्वाधिक चालणारे नाणे म्हणजे टेथर, आणि टेथर म्हणजे डॉलरची सावली. एका टेथरची किंमत एक डॉलर राहावी म्हणून ते काढणारी कंपनी मिळालेल्या पैशाचा मोठा भाग अमेरिकी सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत गुंतविते. त्या रोख्यांचे व्याज कंपनीला मिळते, टेथर बाळगणाऱ्याला छदामही नाही. १८ जुलै २०२५ रोजी अमेरिकेत संमत झालेल्या कायद्याने तर अशा नाण्यांमागे डॉलर वा अमेरिकी रोखे यांसारखी तारणे असण्याची सक्ती केली आणि नाणे काढणाऱ्याने धारकाला व्याज देण्यास मनाई केली. तेव्हा बँकशाहीपासून मुक्त झालो असे मानणारा इचलकरंजीचा तरुण वस्तुतः अमेरिकी तिजोरीला बिनव्याजी कर्ज देत असतो. राज्यसत्तेवाचून पैसा नसतो. ह्या पैशामागेही राज्यसत्ता आहेच, फक्त ती आपल्याला जाब देणारी नाही.

असे असूनही, ह्या व्यवहारामागच्या सर्वच गरजा खोट्या नाहीत. परदेशी राबणारा मजूर घरी पैसे पाठवितो तेव्हा दोनशे डॉलर पाठविण्याचा सरासरी खर्च, जागतिक बँकेच्या आकडेवारीप्रमाणे, सहा टक्क्यांच्या वर जातो. तो तीन टक्क्यांच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट राष्ट्रांनी २०३० सालासाठी ठेवले आहे. जोवर अधिकृत मार्ग महाग, तोवर अनधिकृत मार्गाला गिऱ्हाईक मिळणारच. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले ते बँक गावापर्यंत पोचावी म्हणून. बँक ज्याला दारात उभे करीत नाही, तो सावकाराकडे जातो. काल तो सावकार वाड्यात बसत असे, आज भ्रमणध्वनीत बसतो, एवढाच फरक.

म्हणून मागणी बंदीची नव्हे, जबाबदारीची असली पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे व्याख्या. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने कूटचलनाचा व्यवसाय काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आणला, पण तो दुसऱ्यासाठी किंवा दुसऱ्याच्या वतीने व्यवसाय म्हणून केला असेल तर. स्वतःच्याच नावावर दिवसाकाठी पन्नास सौदे करणारा माणूस ह्या व्याख्येच्या उंबरठ्यावर राहतो. अमेरिकेच्या अर्थखात्याने २०१३ मध्येच असा व्यापार करणारी व्यक्ती नोंदणीस पात्र ठरविली आणि २०१९ मध्ये एका वैयक्तिक व्यापाऱ्यास दंडही केला. क्वचित एखादा सौदा करणारा आणि त्यावर उपजीविका करणारा यांच्यात आपल्या कायद्यानेही स्पष्ट रेघ ओढावी, व्यापार करणाऱ्याची नोंदणी करावी, आणि नोंदणी झालेल्याला संरक्षण द्यावे. दुसरी गोष्ट, गोठवणूक वादातील रकमेपुरतीच असावी, तिचे कारण खातेदारास लेखी कळावे, आणि त्याचे म्हणणे त्याच्याच जिल्ह्यात ऐकले जावे. तिसरी, दोघांची गाठ घालून देऊन कमाई करणाऱ्या बाजारपेठांनी नुकसानीचा वाटा उचलावा. रुपये भरणारे खाते आणि टेथर घेणारा माणूस एकच आहे की नाही, हे तपासण्याची साधने खातेदाराजवळ नाहीत, त्यांच्याजवळ आहेत.

कार्यकर्त्यांपुढचे काम त्याहून जवळचे आहे. पतसंस्थेच्या सभेत, महाविद्यालयाच्या वसतिगृहात, रिक्षाथांब्यावर एक गोष्ट साध्या शब्दांत सांगितली गेली पाहिजे : आपले बँक खाते कोणालाही, कितीही मोबदल्यात, वापरायला देऊ नये. आणि ज्याचे खाते गोठले आहे त्याला गुन्हेगार ठरवून दूर न लोटता, अर्ज कसा करावा आणि व्यवहाराचे पुरावे कसे जपावेत, ह्यासाठी त्याच्या सोबत बँकेत आणि पोलीस ठाण्यात जावे. ज्या निवृत्त शिक्षिकेची पुंजी गेली, तिच्यासोबतही तितक्याच तत्परतेने जावे. ह्या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करून तिसरा निसटतो. त्या तिसऱ्याकडे बोट दाखविण्याचे काम संघटनेला करावे लागेल.